तीन लुगडी, वर तीन वार

आपल्या शहरात अंतर मीटरमध्ये सांगायची पद्धतच नाही. ‘सेव्हन हिल कुठे आलं हो?’ असं विचारून बघा. ‘हे काय, इथंच!’ असं उत्तर मिळतं. हे ‘इथंच’ दोनशे मीटरही असू शकतं आणि दोन किलोमीटरही. रिक्षावाले काका अंतर रुपयांत सांगतात, मैत्रिणी मिनिटांत सांगतात आणि वाळूजला जाणारी आमची कंपनीची बस अंतर गाण्यांत मोजते. टीव्ही सेंटरपासून गेटपर्यंत बारा गाणी, पाऊस असेल तर पंधरा. आणि कुणाचं काही अडत नाही. अंदाज चुकला तर काय होणार? बस सुटेल, पिक्चरची पाच मिनिटं जातील. बस्स.

गेल्या हिवाळ्यात मी ऑफिसात एक खेळ सुरू केला. कँटीनच्या खिडकीतून समोरचं कडुनिंबाचं झाड किती लांब आहे ते सांगायचं. सगळे इंजिनियर बरं का, मायक्रॉनमध्ये बोलणारे लोक! कुणी पंचवीस मीटर म्हणालं, कुणी तीस, क्वालिटीवाल्याने छातीठोकपणे साठ सांगितले. मग मी पर्समधून एक छोटं यंत्र काढलं, डोळ्याला लावलं, बटण दाबलं. एक्केचाळीस. गंमत म्हणजे सगळ्यांचे आकडे शून्यावर नाहीतर पाचावर संपणारे होते. जगातली झाडं काही पाचाच्या पाढ्यात लावलेली नसतात, पण आपला डोळा तसंच धरून चालतो.

त्या यंत्राचं नाव रेंजफाइंडर. मला ते माझ्या मामेभावाने दिलं. तो ते हरणांसाठी वापरतो. आणि आमच्या घरात या एका वाक्यावरून चार वर्षं अबोला होता.

दादा, आजी आणि माळ

दादा मिशिगनमध्ये असतो. ऑटोमोबाइलवाला. आपल्या शहरातली अर्धी पोरं एक तर पुण्याला जातात नाहीतर डेट्रॉइटच्या आसपास, त्यातला तो. तिकडे गेल्यावर कुणी गोल्फ शिकतं, कुणी वाइन. दादा तिरंदाजी शिकला. आधी क्लबात टार्गेटवर, मग ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्याबरोबर जंगलात. तिकडे हे सगळं कायद्यात बसतं. लायसन्स काढायचं, टॅग घ्यायचा. धनुष्याचा सीझन १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि १५ नोव्हेंबरला बंदुकवाले येतात. पांढऱ्या शेपटीची हरणं तिथे इतकी आहेत की एकट्या मिशिगनमध्ये वर्षाला पन्नास हजारांहून जास्त गाड्या हरणांवर आदळतात. लांडगे तिथल्या दक्षिण भागातून केव्हाच संपले. त्यामुळे सरकारलाही शिकारी हवेच असतात.

हे सगळं आजीला कसं सांगणार? आजी माळकरी. पैठणच्या बाजूची. नाथषष्ठी कधी चुकवली नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. (मी बाहेर चिकन खाते. आजी हा अंक वाचत नाही म्हणून लिहिते!) दादा शिकार करतो हे कळल्यावर तिने फोनवरच त्याला झापलं होतं. “कामून मारायलास रे त्या मुक्या जित्राबाला? खायला मिळंना झालंय का तिकडं?” पण तेव्हा ती बोलत तरी होती. मग एका दिवाळीत तिने बोलणंच टाकलं. फोन आला की मामीच्या हातात द्यायची आणि देवघरात निघून जायची. माळ आणि मांस यांचं जमत नाही, म्हणून आजी रुसली, असं आम्ही सगळे धरून चाललो.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने मला तीन आठवड्यांसाठी मिशिगनला पाठवलं. निघताना आजीने लाडवांचे दोन डबे दिले. एक माझा. दुसरा कुणाचा, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बाण सरळ जात नाही

पहिल्याच शनिवारी दादाने मला मागच्या अंगणात उभं केलं आणि शाळेतलं फिजिक्स पुन्हा काढलं.

त्याचं धनुष्य म्हणजे कंपाउंड बो. दोन टोकांना चाकं, त्यावरून फिरणाऱ्या दोऱ्या. ओढताना सत्तावीस किलोंचा जोर लागतो, पण पूर्ण ओढल्यावर चाकं भार घेतात आणि हातात जेमतेम पाच-सहा किलो उरतात. त्यामुळे नेम धरून थोडा वेळ थांबता येतं. बाण सुटतो सेकंदाला साधारण ८० मीटरने, म्हणजे ताशी जवळपास २९० किलोमीटर. ऐकायला सॉलिड वाटतं ना? पण बंदुकीच्या गोळीपुढे हा बाण म्हणजे बैलगाडी. आणि सुटल्या क्षणापासून तो खाली पडायला लागतो.

तिकडे अंतर यार्डात मोजतात. तीस यार्डांवर, म्हणजे सत्तावीस मीटरवर पोचेपर्यंत बाण जवळपास दोन फूट खाली आलेला असतो. चाळीस यार्डांवर एक मीटरच्या वर. म्हणून धनुष्यावर एकाखाली एक बारीक पिना असतात. वीसची, तीसची, चाळीसची. अंतराप्रमाणे पिन निवडायची, की बाण तेवढा वर तोंड करून सुटतो. आता समजा हरीण चाळीसवर उभं आहे आणि तुम्ही तीस समजून तिसाची पिन लावलीत. बाण ठरल्या जागेच्या एक वीत खाली जाणार.

एक वीत! आपल्या ऑफिसात एक वीत चुकली तर स्लाइडवरचा लोगो हलतो. हरणाच्या अंगात जिथे बाण लागला की ते काही सेकंदांत खाली पडतं, ती काळीज-फुप्फुसाची जागा असते नाश्त्याच्या ताटलीएवढी. साधारण २० सेंटिमीटर. ताटलीच्या मध्यापासून एक वीत खाली ताटली नसते. तिथे पोट असतं, पाय असतो. तिथे बाण लागलेलं हरीण मरत नाही, पळतं.

डोळ्याला हे अंतर का कळत नाही, याचीही कारणं आहेत. उघड्या मैदानात वस्तू जवळ वाटते, झाडीत आणि संध्याकाळच्या उजेडात लांब. मोठं हरीण जवळ वाटतं, पाडस लांब. मन आतुर असेल तर सगळंच जवळ वाटतं. दादा म्हणाला, “तुला ते हवं असेल ना, की ते बरोब्बर तिसावरच उभं दिसतं.”

म्हणून रेंजफाइंडर. काम अगदी साधं. यंत्र लेझरचा एक ठिपका सोडतं, तो समोर आपटून परत येतो, जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. तीस मीटरसाठी प्रकाशाला जाऊन-येऊन एका सेकंदाचे जेमतेम दोन कोट्यंश, म्हणजे साधारण २०० नॅनोसेकंद वेळ लागतो. तेवढा वेळ मोजणारं घड्याळ त्या मुठीएवढ्या डबीत असतं. पण त्यालाही फसवता येतं. मध्ये एखादी काडी आली की ते काडीचं अंतर दाखवतं आणि हरीण राहतं मागे.

आणखी एक भानगड असते. शिकारी बसतो मचाणावर, वीसेक फूट उंच. वरून खाली मोजलेलं अंतर तिरपं येतं, पण बाणाला खाली ओढणारी पृथ्वी हिशेब धरते तो जमिनीवरच्या आडव्या अंतराचा. मचाणावरून फरक थोडाच पडतो. तिरपे वीस मीटर असतील तर आडवे एकोणीस. पण देवगिरीच्या तटावर उभं राहून पंचेचाळीस अंशांत खाली बघा. तिरपे चाळीस, आडवे अठ्ठावीस! आता नवी यंत्रं कोन मोजून हे गणित स्वतःच करतात.

हे ऐकताना मला आपल्याकडचे भास्कराचार्य आठवले. बाराव्या शतकातल्या त्यांच्या ‘लीलावती’त एक गणित आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, साप सत्तावीस हात लांबून बिळाकडे येतोय, मोर तिरपी झेप घेतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं तर गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? उत्तर बारा हात. कन्नडच्या घाटापलीकडे पाटणादेवीला, आपल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख आहे. दादाला सांगितलं तर तो हसला. “म्हणजे मचाणाचं गणित आपल्याच जंगलातलं निघालं की!”

अडतीस

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी त्याच्याबरोबर गेले. नुसती बघायला. एका ओकच्या झाडाला दोन बैठका टांगलेल्या. वर चढण्याआधीपासून अंगात हार्नेस आणि झाडाला दोरी. बसल्यावर दादाने पहिलं काम केलं ते हरीण नसताना. आजूबाजूचं सगळं मोजून ठेवलं. मोडक्या कुंपणाचा खांब सतरा. वाकडा ओक चोवीस. लाल पानांचा मेपल बरोब्बर तीस. मेपलच्या पलीकडे गवत आणि त्यापुढे मक्याचं शेत. हरीण आल्यावर हात हलवला की ते पळतं, म्हणून नकाशा आधीच डोक्यात हवा. मला त्याने कानात एवढंच सांगितलं, “मेपलच्या अलीकडे आलं तर. पलीकडे, नाही.”

मग दोन तास काहीच नाही. मोबाइल बंद. मी आयुष्यात पहिल्यांदा दोन तास एका जागी बसून फक्त एक झाड पाहिलं असेल. पानं पडताना आवाज होतो, हे मला माहीतच नव्हतं.

सव्वासहाला मक्यातून एक मादी आली. मागे दोन पिल्लं, ठिपके गेलेली, चांगली मोठी झालेली. ती मेपलच्या थोडी पलीकडे थांबली. आडवी, मान खाली, अख्खी बाजू आमच्याकडे. इतकी स्वच्छ दिसत होती की कानाची कड मोजता आली असती. दादाने अगदी हळू यंत्र उचललं, बघितलं आणि ते माझ्या डोळ्यासमोर धरलं. लाल आकडा होता अडतीस.

त्याने धनुष्याला हातही लावला नाही.

ती तिथे किती वेळ होती? मला विचाराल तर अर्धा तास, घड्याळाप्रमाणे चार मिनिटं. एकदा तिने मान वर करून थेट आमच्या झाडाकडे पाहिलं. माझं काळीज कानात वाजत होतं. ती एक पाऊल पुढे आली, मग दोन मागे गेली. पिल्लं गवतात हुंदडत होती. मग तिला काय वाटलं कोण जाणे, शेपटीचा पांढरा पंखा उघडून ती मक्यात शिरली आणि मागोमाग पिल्लं. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने कायद्याने वेळ संपते. आम्ही गुपचूप खाली उतरलो.

दहावा बाण

गाडीत हीटर सुरू केल्यावर मी विचारलं, “दादा, आठच यार्डांचा प्रश्न होता. अंतर कळलं होतं. चाळीसची पिन आहे. मग?”

“अंगणात चाळीसवर माझे दहातले नऊ बाण ताटलीत बसतात,” तो म्हणाला.

“मग नव्वद टक्के आहे की!” मी अप्रेझलच्या भाषेत बोलले.

“अगं, दहावा कुठे जातो ते सांग.”

आणि मग त्याने ते सांगितलं. धनुष्य सुटताना आवाज होतो. आवाज सेकंदाला ३४० मीटरने जातो, बाण ८० ने. तीस यार्डांवर आवाज पोचल्यावर बाण यायला आणखी पाव सेकंद लागतो, चाळीसवर त्याहून बराच जास्त. हरीण घाबरलं की पळण्यासाठी आधी अंग खाली दबतं. तेवढ्या वेळात ताटलीच हलते. अंगणातली ताटली हलत नाही. तेव्हा आकडा अचूक असूनही बाण चुकू शकतो. यंत्र अंतर सांगतं, आपल्याला किती जमतं ते नाही सांगत. ते आपणच ठरवायचं, आणि घरी ठरवायचं. हरीण समोर आल्यावर नाही. त्याने तीस ठरवलंय. तीसवर दहातले दहा, थंडीत, जॅकेट घालून, दम लागलेला असताना.

“हे मी पहिल्यापासून नाही शिकलो,” तो म्हणाला. पहिल्या सीझनला त्याच्याकडे यंत्र नव्हतं. तिसावर असेल असं वाटलं, सोडला. रात्री दोनपर्यंत टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत फिरला. सकाळी पुन्हा गेला. माग हायवेपाशी संपला. परत येऊन त्याने मचाणापासून ती जागा मोजली. त्रेचाळीस.

“आणि हे मी आजीला सांगितलं,” तो म्हणाला. “दिवाळीच्या फोनवर. दुसऱ्या कुणाला सांगणार होतो?”

तेव्हा मला कळलं. आजीने बोलणं टाकलं होतं ते शिकारीवरून नाही. मारलं यापेक्षा अर्धवट मारून सोडलं, हे तिला सहन झालं नव्हतं. आणि त्यानंतर दादाने काय बदललं, ते सांगायला तिने त्याला जागाच ठेवली नव्हती.

इथे मोजतात, पण वेगळ्यासाठी

परत आल्यावर रेंजफाइंडर माझ्या पर्समध्ये होता आणि मित्रमंडळींचा एकच प्रश्न. ‘इथे त्याचा काय उपयोग?’ बरोबरच आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय संपला. शिकार म्हणजे गुन्हा. पिकांची नासाडी करणाऱ्या रोही-रानडुकरांसारखे अपवाद थोडे, तेही परवानगीने. काळवीट तर परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. मचाण म्हटलं की आपल्याला आठवते बुद्धपौर्णिमेची रात्र आणि पाणवठ्यावरची गणना.

आपले तिरंदाज अंतर मोजत नाहीत, कारण ते आखूनच दिलेलं असतं. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडमध्ये जगज्जेती झाली, नागपूरच्या ओजस देवतळेने फायनलला दीडशेपैकी दीडशे काढले. दोघांचंही टार्गेट ५० मीटरवर. फील्ड आर्चरी नावाच्या प्रकारात मात्र रानात टार्गेटं ठेवतात आणि काहींचं अंतर सांगतच नाहीत. तिथे रेंजफाइंडर वापरायला बंदी आहे. अंतर ओळखणं हीच तिथली परीक्षा!

पण एका ठिकाणी आपल्याकडेही हे यंत्र हरणाकडे रोखलं जातं. मेळघाटात, ताडोबात, पेंचमध्ये. देशभरातली व्याघ्रगणना दर चार वर्षांनी होते, तेव्हा वाघाबरोबर त्याचं खाणंही मोजतात. जंगलात साधारण दोन किलोमीटरची सरळ रेघ धरून पहाटे चालायचं. चितळ दिसलं, सांबर दिसलं, की थांबायचं. किती आहेत ते मोजायचं, कंपासने कोन घ्यायचा, रेंजफाइंडरने अंतर आणि कागदावर लिहायचं. का? तर रेघेजवळची बहुतेक जनावरं दिसतात, लांबची झाडीत निसटतात. किती अंतरावर किती दिसली, त्यावरून न दिसलेली किती असतील याचं गणित मांडता येतं. इथे अंदाजाने ‘तीस, चाळीस, पन्नास’ लिहिलं की कडुनिंबाच्या झाडासारखं होतं. सगळी हरणं पाचाच्या पाढ्यात उभी राहतात आणि जंगलाचा आकडाच चुकतो.

म्हणजे यंत्र तेच. मिशिगनमध्ये त्या डबीने एका मादीला जाऊ दिलं, मेळघाटात ती न दिसलेल्या चितळांना हिशेबात धरते. दोन्हीकडे काम एकच. ‘मला वाटतं’ याला जरा थांबवायचं.

नऊवारीचा हिशेब

आजीला हे सांगायला मी आठ दिवस घेतले. नॅनोसेकंद आणि पिना काढल्या असत्या तर ती उठून गेली असती. दुपारी ती गुलमंडीवरून आणलेल्या नव्या लुगड्याची घडी मोडत बसली होती. मी सरळ बोलले. “आजी, दादानं त्या हरणाचं तुला सांगितलं होतं ना? त्यानंतर त्यानं नेम धरलाय. तीस यार्डाच्या पलीकडं असेल तर हात लावत नाही. मी बघितलंय.”

“यार्ड म्हंजे?”

“वार गं. आपला कापडाचा वार.”

आजीने लुगड्याकडे बघितलं. नऊवारी. तिला कागद लागला नाही. “तीस म्हंजे तीन लुगडी, वर तीन वार,” ती म्हणाली. मग गॅलरीत जाऊन उभी राहिली. “मग हितून कुठवर?”

मी यंत्र यार्डावर लावलं आणि तिच्या हातात दिलं. चष्म्यामुळे जरा वेळ लागला. गल्लीच्या तोंडाशी पानटपरी आहे, तिच्या खांबावर धरून मी बटण दाबायला सांगितलं. चौतीस.

“ती टपरी मला बिनचष्म्याचीबी दिसती,” आजी म्हणाली. “आतला मानूस ओळखू येतो. एवढ्या जवळ आलं तरी सोडून देतो?”

“अडतीसवर होती. दोन पिल्लं होती बरोबर. चार मिनिटं उभी होती.”

आजी बराच वेळ काही बोलली नाही. टपरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मारतो त्ये वाईटच. त्ये काय मी बरं म्हननार न्हाई.” आणि लुगड्याची घडी घालायला आत गेली.

रविवारी दादाचा व्हिडिओ कॉल आला. मामीने सवयीप्रमाणे फोन स्वतःकडे घ्यायला हात पुढे केला, तर आजीने तो आधीच उचलला होता. चार वर्षांत पहिल्यांदा. तिकडे दादा, इकडे आजी, आणि दोघंही गप्प. नेटवर्क गेलं की काय, असं वाटावं इतका वेळ.

मग आजी म्हणाली, “झाडावर बसताना दोरी नीट बांधतोस ना? पडशील कुठं.”

“बांधतो गं.”

“लाडू पोचले का?”

“संपले पण.”

“आनि सोडलंस का त्ये?”

दादाने खोटं सांगितलं नाही. “नाही, आजी.”

“मग सोड,” आजी म्हणाली. त्या दिवसापासून दर रविवारी ती हे सगळं त्याच क्रमाने विचारते. आधी दोरी, मग जेवण, मग ‘सोडलंस का?’ तो दर रविवारी ‘नाही’ म्हणतो, आणि ती दर रविवारी त्याला झापते. मामी म्हणते, एवढा वेळ तर ही दोघं आधीसुद्धा बोलत नव्हती.